नव्या सशासाठी तयार मिळणारा संच : दहा दिवसांच्या वापरानंतरचे मत

नऊ आठवड्यांचे सशाचे पिल्लू दत्तक घ्यायचे ठरले तेव्हा घरात त्याच्यासाठी काहीच नव्हते, म्हणून सगळ्या वस्तू एकत्र मिळणारा एक तयार संच मागवला. तारेचा पिंजरा, नळीची पाण्याची बाटली, लाकडी घरटे, गवत अडकवण्याची जाळी, वाळलेल्या टिमोथी गवताची पिशवी, रंगीत मिश्र खाद्याचा डबा आणि एक माहितीपुस्तिका, एवढे त्यात निघाले. नव्या जागी भेदरलेले पिल्लू या वस्तूंच्या मदतीने खाऊ लागते की नाही, या एकाच कसोटीवर मी त्या पाहिल्या. कुत्रा किंवा मांजर नव्या घरी एखादा दिवस उपाशी राहिले तर फारसे काही बिघडत नाही. सशाचे आतडे मात्र सतत चालू राहावे लागते, त्याला उलटी करता येत नाही, आणि दहा-बारा तास पोटात काही गेले नाही तर आतड्याची हालचाल मंदावून त्याच्या जिवावर बेतू शकते.

संचातील सर्वांत चांगली वस्तू म्हणजे गवताची पिशवी. काड्या लांब व हिरवट होत्या, धूळ जवळजवळ नव्हती, आणि पिशवी उघडताच ताज्या कापणीचा वास आला. बुरशीचा दर्प येणारे किंवा पिवळे पडून चुरा झालेले गवत ससा नाकाने ढकलून देतो, त्यामुळे हा गुण लहान नाही. सशाचे दात आयुष्यभर वाढत राहतात आणि ते झिजतात मुख्यतः गवत चघळूनच. मोठ्या सशाच्या आहारात तर गवताचाच वाटा सर्वांत मोठा असतो. वाढीच्या वयात प्रथिने व कॅल्शियम अधिक लागतात म्हणून पहिले सहा-सात महिने लसूण घासही (अल्फाल्फा नावाचा चारा, लसूण नव्हे) चालतो, आणि तो थोडासा जरी संचात असता तरी बरे झाले असते.

गवताची जाळी मात्र निकामी ठरली. तिची भोके इतकी बारीक आहेत की पिल्लाला काडी ओढताच येईना. पहिल्या रात्री त्याने गवताला तोंड लावले नाही आणि सकाळी पिंजऱ्यात मोजून चार लेंड्या दिसल्या. पशुवैद्यांना फोन केला तेव्हा त्यांनी गवत जाळीतून काढून जमिनीवर, घरट्याच्या दारातच पसरण्यास सांगितले, आणि दुपारपर्यंत काहीच खाल्ले नाही तर थेट दवाखान्यात आणा, अशी ताकीदही दिली. तासाभरात आतून कुरकुर चावण्याचा आवाज आला. घरट्याचे श्रेय इथे द्यायलाच हवे. त्याला दोन दारे आहेत, लाकडाला रंग नाही आणि खिळ्यांची टोके कुठेही बाहेर आलेली नाहीत. ससा हा शिकार होणारा प्राणी असल्याने एकच दार असलेल्या जागेत तो कोंडीत सापडल्यासारखा राहतो. पळायला दुसरी वाट आहे हे कळले की मान खाली घालून खाण्याचे धाडस त्याला होते.

रंगीत मिश्र खाद्याबद्दल माझी तक्रार आहे, आणि तिच्यात माझी चूकही मिसळलेली आहे. दुसऱ्या दिवशीही पिल्लाचे खाणे बेताचेच होते म्हणून मी धीर सोडून चमचाभर मिश्रण समोर ठेवले. त्याने मक्याचे दाणे व रंगीत तुकडे तेवढे वेचले, तंतुमय गोळ्या तशाच टाकल्या, आणि तिसऱ्या दिवशी लेंड्या मऊ व चिकट झाल्या. निवडून खाण्याची सोय ठेवणारे असे खाद्य सशाला देऊ नये. शिवाय कोणतेही नवे खाद्य जुन्यात थोडे थोडे मिसळत सात ते दहा दिवसांत बदलायचे असते, आणि याचा पुस्तिकेत एका शब्दानेही उल्लेख नाही. आधीच्या घरून मूठभर जुन्या गोळ्या मागून आणल्या होत्या, त्यांवरच परत आलो तेव्हा पोट ताळ्यावर आले. पुस्तिकेच्या मुखपृष्ठावर गाजर कुरतडणारा ससा आहे. गाजरात साखर बरीच असते, हे छापणाऱ्याच्या गावी नसावे.

पाण्याच्या बाटलीबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. नळी गळत नाही, पण पिल्लाला ती चाटायची असते हेच कळले नाही. जड बुडाचे उथळ भांडे ठेवताच ते पाणी प्यायले. पाणी कमी पडले की आतड्यातील अन्न कोरडे होऊन अडते, तेव्हा बाटली हवीच असेल तर सोबत भांडेही ठेवावे.

पिंजऱ्याचा तळ तारेचा आहे. सशाच्या पावलांना मांजरासारख्या गाद्या नसतात, त्यामुळे अशा तळावर सतत बसून त्यांच्या टाचा सोलवटतात. मी वर जाड सतरंजी अंथरली, दार कायमचे उघडे ठेवले आणि खोलीचा एक कोपरा अडवून दिला. पिंजऱ्याखालचा सुटा ट्रे मात्र अनपेक्षितपणे उपयोगी पडला. ससे खाता खाताच लेंड्या टाकतात, म्हणून त्या ट्रेमध्ये कागदाचा लगदा दाबून केलेले अंथरूण घालून शेजारीच गवताचा ढीग ठेवला, तर चौथ्या दिवसापासून पिल्लू आपण होऊन तिथे बसू लागले.

दहाव्या दिवशी ते पहाटे आणि संध्याकाळी, म्हणजे सशांच्या नेहमीच्या वेळांना, न घाबरता बाहेर येऊन खाते. हातात घेण्याची घाई आम्ही अजून केलेली नाही. जमिनीवर बसून राहिले की तेच हुंगायला येते. संचाला माझ्याकडून पाचपैकी तीन गुण, आणि त्यांतले दोन गवताचे व घरट्याचे. या दोन वस्तू सुट्या मिळत असतील तर तेवढ्याच घ्याव्यात; पूर्ण संच घेतलाच तर खाद्याचा डबा न उघडता परत करावा.