वेंगुर्ला रस्त्यालगतचा नवा लेआउट: कमानीपासून नाल्यापर्यंत

पुण्यात नोकरी करणारे माझे मेहुणे निवृत्तीनंतर बेळगावला परतण्याच्या विचारात आहेत आणि त्यांच्यासाठी प्लॉट पाहण्याचे काम गेली दोन वर्षे माझ्याकडे आहे. आर्किटेक्टच्या कार्यालयात नकाशे काढण्यात उभे आयुष्य गेल्यामुळे मला कमान आणि कारंजे पाहण्याआधी मंजूर नकाशा मागण्याची खोड आहे, आणि ती विक्री प्रतिनिधींना फारशी रुचत नाही. यंदा मे महिन्यात आणि पुन्हा जुलैमध्ये पाहिलेल्या एका मोठ्या लेआउटविषयी येथे लिहीत आहे. विकसकाचे नाव देत नाही, कारण यातील बहुतेक गुणदोष त्या पट्ट्यातील आणखी चार-पाच लेआउटना थोड्याफार फरकाने लागू पडतील.

लेआउट शहराच्या पश्चिमेला, वेंगुर्ला रस्त्यावरून आत वळल्यावर साधारण दीड किलोमीटरवर आहे. क्षेत्र सुमारे 20 एकर. तांबडी माती, वरच्या अंगाला पूर्वी रताळी आणि बटाटे, खालच्या अंगाला भात. आता प्रवेशद्वाराशी दगडी कमान, काचेच्या पेटीत लेआउटची प्रतिकृती, थंडगार खोलीत कोकम सरबत आणि हातात गुळगुळीत कागदावरचे माहितीपत्रक, असा थाट आहे. दर येथे देत नाही, कारण तो रविवारी एक आणि बुधवारी दुसराच सांगितला गेला.

असा लेआउट पाहताना सर्वसाधारण ग्राहक आपल्या प्लॉटची दिशा, कोपरा आणि समोरच्या रस्त्याची रुंदी पाहतो. माझे लक्ष प्रथम जाते ते आपण विकत घेत नाही त्या जमिनीकडे. कर्नाटकात लेआउट मंजूर करताना साधारणपणे 55 टक्क्यांहून अधिक क्षेत्र निवासी प्लॉटसाठी वापरू दिले जात नाही. उरलेले 45 टक्के रस्ते, उद्याने आणि नागरी सुविधांसाठी सोडावे लागते, त्यात उद्यान व मोकळी जागा 10 टक्के आणि सुविधांची जागा, म्हणजे आपल्याकडे सगळे जिला सीए साईट म्हणतात ती, 5 टक्के. 20 एकरांचा हिशेब मांडला तर 11 एकरांवर प्लॉट येतात, 30 बाय 40 फुटांचे जवळजवळ 400. दोन एकर उद्यान, एक एकर सीए साईट आणि सहा एकर रस्ते उरतात. हे नऊ एकर विकसकाने नियोजन प्राधिकरणाकडे किंवा स्थानिक संस्थेकडे विनामोबदला सोपवायचे असतात. पुढची तीस-चाळीस वर्षे 400 कुटुंबांचे जगणे सुखाचे होणार की कटकटीचे, हे याच नऊ एकरांवर ठरते. म्हणून या परीक्षणातील बहुतेक गुण आणि बहुतेक दोष त्या नऊ एकरांचेच आहेत.

आधी जे चांगले आहे ते. अंतर्गत रस्ते नकाशाप्रमाणेच आहेत. मी टेप टाकून मोजलेल्या तीन ठिकाणी नऊ मीटरचा रस्ता नऊ मीटरच भरला. सहा प्लॉटच्या बाजू मोजल्या, त्यांतील एकातच दोन इंचांचा फरक निघाला. हद्दीचे दगड पक्के पुरलेले आहेत, लाथ मारली की डुलणारे नाहीत. रस्त्याच्या दोन्ही बाजूंची काँक्रीटची गटारे उताराला धरून बांधलेली दिसली आणि विजेच्या तारा जमिनीखालून नेलेल्या आहेत. जुन्या शेताच्या बांधावरची दोन आंब्याची झाडे न तोडता रस्ता त्यांना वळसा घालून काढला आहे, ही गोष्ट मला मनापासून आवडली. ज्याने हे केले त्याला रेखांकनाची समज आहे.

हीच समज उद्यानाच्या बाबतीत कुठे गेली, असा प्रश्न पडतो. नियमाप्रमाणे लागणारे दोन एकर कागदावर पुरे भरतात, परंतु ते तीन तुकड्यांत विभागलेले आहेत. पहिला तुकडा कमानीजवळचा, तेथे लॉन, बाके आणि घसरगुंडी आहे आणि माहितीपत्रकातील सर्व छायाचित्रे तेथलीच आहेत. दुसरा तुकडा उच्च दाबाच्या विद्युतवाहिनीखाली येतो. तिसरा, क्षेत्रफळाने सर्वांत मोठा, खालच्या टोकाला नाल्याच्या काठाने गेलेली त्रिकोणी पट्टी आहे. नकाशावर तिन्हींना सारखाच हिरवा रंग दिलेला असल्यामुळे कागद पाहून काहीच कळत नाही. प्लॉट ज्या जागेवर पडू शकत नाहीत ती जागा उद्यानाच्या खात्यावर टाकण्याची ही युक्ती जुनी आहे आणि नकाशे काढणाऱ्या आमच्यासारख्यांचाच तिच्यात हात असतो, हे मी नाकारत नाही.

सीए साईटबाबत तर सरळ दिशाभूल आहे. माहितीपत्रकात त्या एक एकरावर पोहण्याच्या तलावासह क्लब हाउस रंगवलेले आहे. ती जागा हस्तांतरित झाल्यावर तिचे काय करायचे, शाळेला द्यायची की दवाखान्याला, हे ठरवण्याचा अधिकार विकसकाकडे राहतच नाही. मी हे विचारल्यावर प्रतिनिधी म्हणाला, ‘‘सर, ते सगळं नंतर ॲडजस्ट होतं.’’ ॲडजस्ट कोण करणार, हे मात्र त्याला सांगता आले नाही.

पाणी हा याहून मोठा प्रश्न आहे. बेळगाव शहराला रक्कसकोप आणि हिडकल या दोन जलाशयांचे पाणी मिळते आणि 2008 पासून शहराच्या काही प्रभागांत चोवीस तास पाणी देण्याचा प्रयोग झाला, याचा उल्लेख माहितीपत्रकात आहे. लेआउट मात्र महानगरपालिकेच्या हद्दीबाहेर, ग्रामपंचायतीच्या क्षेत्रात आहे. रक्कसकोपचे धरण या बाजूला, मार्कंडेय नदीवरच आहे, म्हणून त्याचे पाणी आपल्या नळाला येईल असे समजणे भाबडेपणाचे ठरेल. सध्या तेथे दोन बोअरवेल आणि 50 हजार लिटरची उंच टाकी आहे. 400 प्लॉटवर प्रत्येकी पाच माणसांचे एकच कुटुंब धरले तरी 2,000 लोकवस्ती होते. शहरी पाणीपुरवठ्यासाठी माणशी रोज 135 लिटर हा जो मान्य निकष आहे, तो लावला तर दिवसाला 2 लाख 70 हजार लिटर पाणी लागेल. टाकी दिवसातून पाच वेळा भरून रिकामी झाली तरी हा आकडा गाठला जात नाही. वापरलेल्या पाण्यापैकी साधारण 80 टक्के सांडपाणी होते, म्हणजे रोज 2 लाख लिटरांहून अधिक, आणि ते कुठे जाणार याचे उत्तर मला जुलैमध्ये मिळाले.

त्याआधी जोडरस्त्याविषयी. लेआउटमधला मुख्य रस्ता 12 मीटर रुंद आहे आणि कमानीबाहेर पाऊल टाकताच तो जेमतेम साडेतीन मीटरच्या डांबरी वाटेला मिळतो. ही गावची जुनी गाडीवाट. समोरून उसाची ट्रॉली आली तर मोटारीला मागे घेत बांधाशी लावावे लागते, आणि आमच्यावर तो प्रसंग दोनदा आला. मंजूर नकाशात जोडरस्ता म्हणून भलताच रुंद रस्ता आखलेला आहे. नीट पाहिल्यावर कळले, की तो महायोजनेतील, म्हणजे परिसराच्या भावी वाढीच्या सरकारी आराखड्यातील, प्रस्तावित रस्ता आहे. जमिनीवर त्या जागी आज दोघा-तिघा शेतकऱ्यांची भातखाचरे आहेत, भूसंपादन झालेले नाही, आणि या भागातील शेतकरी रस्त्यासाठी सुपीक जमीन सहजी सोडत नाहीत, हे हलगा-मच्छे बायपासच्या वादाने सर्वांना दाखवून दिले आहे. शेतकऱ्याचे त्यात काही चुकते असेही मला वाटत नाही. परंतु न झालेल्या रस्त्याच्या भरवशावर 400 घरांची वसाहत उभी राहते आहे, हे खरेदीदाराला कोणीतरी सांगायला हवे.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात, तीन दिवस झड लागून राहिल्यानंतर, मी मुद्दाम छत्री आणि गमबूट घेऊन पुन्हा गेलो. प्रत्येक ग्राहकाने हे करावे, कारण बेळगावचा पाऊस फुकटात जेवढी माहिती देतो तेवढी कोणताही सल्लागार पैसे घेऊन देत नाही. वरच्या अंगाचे प्लॉट कोरडे होते आणि गटारांतून पाणी झोकात वाहत होते. पण सगळी गटारे मिळून खालच्या टोकाला त्या त्रिकोणी ‘उद्याना’त मोकळी होत होती. तेथे नाला तुडुंब भरलेला, हिरवी पट्टी दिसेनाशी झालेली आणि शेवटच्या ओळीतील प्लॉटचे दगड पाण्यातून जेमतेम डोके वर काढून उभे. पलीकडच्या बांधावर घोंगडे पांघरून उभ्या असलेल्या म्हाताऱ्या शेतकऱ्याला विचारले, ‘‘मामा, दरवर्षी असंच असतं का?’’ ते म्हणाले, ‘‘पयल्यापासनं असतंय की हो. पन पयलं पानी आमच्या भातात पसरायचं नि जिरायचं. आता वरनं रस्त्याचं पानी एकदम येतंय, जाऊ दे कुठं ते?’’ त्यांच्या खाचराचा बांध दोन ठिकाणी फुटला होता. सांडपाणी शुद्धीकरणाचा प्रकल्प नकाशात याच टोकाला एका चौकोनाने दाखवलेला आहे. जागेवर खड्डा होता आणि तोही भरलेला.

कागदपत्रांच्या बाबतीत लेआउट बऱ्यापैकी नीटनेटका आहे. जमीन एनए (बिगरशेती) झाल्याचा आदेश आहे, नियोजन प्राधिकरणाची मंजुरी आहे, रेराचा (स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरणाचा) ‘पीआरएम/केए/रेरा’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक फलकावर आहे आणि तो रेराच्या संकेतस्थळावर तपासला असता खरा निघाला. आपल्या भागात केवळ उतारा दाखवून गुंठ्याने विकलेल्या जागांमुळे किती कुटुंबे अडकली आहेत हे पाहता ही बाब लहान नाही. ग्रामपंचायत हद्दीत असल्याने ई-स्वत्तुचे, म्हणजे ग्रामपंचायतीच्या मालमत्तांच्या संगणकीय नोंदीचे, नमुना 9 आणि 11अ हे उतारे प्रत्येक प्लॉटचे वेगळे निघतात का, हे पाहावे. आम्ही मागितलेल्या प्लॉटचे अजून निघालेले नव्हते. खटकणारी गोष्ट म्हणजे करारपत्र होण्याआधी किमतीच्या चौथ्या हिश्शाची मागणी झाली. रेरा कायद्याच्या 13 व्या कलमाप्रमाणे नोंदणीकृत करार केल्याशिवाय 10 टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही, असे मी शांतपणे सांगितल्यावर मागणी तेवढ्याच शांतपणे 10 टक्क्यांवर आली. रस्ते आणि उद्याने सोपवल्याचे रिलिंक्विशमेंट डीड मागितले, ते ‘प्रोसेसमध्ये’ असल्याचे उत्तर मिळाले. ते होऊन स्थानिक संस्थेने लेआउट ताब्यात घेईपर्यंत पथदिव्यांचे बिल आणि गटारांची सफाई यांचा भार शेवटी रहिवाशांच्याच अंगावर येतो.

वरील सर्व दोष एका विकसकाच्या माथी मारणे मला बरोबर वाटत नाही. त्या दीड-दोन किलोमीटरच्या परिसरात असेच आणखी चार लेआउट आकाराला येत आहेत. पाचही समान धरले तर 100 एकर आणि 10,000 माणसे, म्हणजे नवे गाव झाले. प्रत्येक लेआउट आपापल्या चौकटीत नियमाला धरून मंजूर होतो, प्रत्येकाचे पाणी त्याच नाल्यात सुटते, प्रत्येकाची मोटार त्याच गाडीवाटेवर येते, आणि पाचांची बेरीज करून दाखवणारा नकाशा मला कोणत्याही फायलीत दिसला नाही. 2006 च्या पर्यावरणविषयक अधिसूचनेत क्षेत्र विकास प्रकल्पासाठी पूर्वपरवानगीची मर्यादा 50 हेक्टर आहे. हा लेआउट 8 हेक्टरांचा, पाचही मिळून 40, म्हणजे त्या मर्यादेच्या आतच. बेरीज करण्याची जागा म्हणजे महायोजना. कर्नाटक नगर व ग्राम नियोजन कायदा, 1961 नुसार महायोजना तात्पुरती मंजूर होऊन प्रसिद्ध झाली की जनतेला हरकती व सूचना देण्यासाठी 60 दिवस मिळतात आणि दर दहा वर्षांनी तिचा फेरविचार करावा लागतो. बांध फुटलेल्या त्या मामांसारख्या माणसाने सांगायचे ते या 60 दिवसांतच सांगायला हवे. पण जाहीर सूचना कन्नडमध्ये, नकाशा इंग्रजीत आणि वाचणारा मराठी, अशा तिढ्यात ते दिवस निघून जातात. गावातील एखाद्या शिकलेल्या मुलाने तो नकाशा देवळात भिंतीवर लावून नाला आणि रस्ता तेवढे बोटाने दाखवले, तरी निम्मे काम होईल.

गुण द्यायचे तर आखणी आणि अंतर्गत कामाला पाचपैकी चार, कागदपत्रांना साडेतीन, पाणी आणि सांडपाण्याला एक, जोडरस्त्याला शून्य. वरच्या अंगाच्या, आंब्यांजवळच्या दोन ओळी घेण्याजोग्या आहेत, शेवटच्या तीन ओळी कोणी फुकट दिल्या तरी घेऊ नयेत. मेहुण्यांनी अद्याप टोकन दिलेले नाही. रिलिंक्विशमेंट डीडची प्रत आणि ई-स्वत्तुचे उतारे हातात आल्यावर दिवाळीनंतर पुन्हा जायचे ठरले आहे, आणि तेव्हा शुद्धीकरण प्रकल्पाच्या खड्ड्यात यंत्रे बसली आहेत की केवळ पाणी आटले आहे, हे मी आधी पाहणार आहे.