दक्षिणेला काळी भिंत की मोठी खिडकी?

पुण्याबाहेर घर बांधताय, प्लॉटची दक्षिण बाजू मोकळी आहे आणि थंडीत हीटर लावायचा नाही असं ठरवलंय, तर दोन वाटा समोर येतात. पहिली ट्राँब भिंत: बाहेरून काळी रंगवलेली जाड भिंत आणि तिच्यापुढे चार बोटं जागा सोडून काच. दुसरी, दक्षिणेला मोठी खिडकी ठेवून ऊन थेट खोलीत घ्यायचं आणि आतल्या जड फरशीत नि भिंतीत ते साठवायचं. ताईने पिरंगुटच्या बाजूला पहिली वाट धरली, मी पाषाणला दुसरी. दोन्ही घरांत मी सगळ्या ऋतूंत राहिलोय. थर्मामीटर घेऊन नोंदी केलेल्या नाहीत, अंगाला जाणवलं तेवढं सांगतो.

जानेवारीत ताईचं घर सरस, हे आधीच मान्य करतो. फुटभर जाडीच्या पक्क्या भिंतीतून ऊब आत पोचायला साधारण आठ तास लागतात. म्हणजे दुपारी एकचं ऊन रात्री नऊला खोलीत येतं आणि पहाटेपर्यंत पुरतं. आपली थंडी पहाटेचीच. दुपारी २९-३० अंश असलेलं पुणं पहाटे १० च्या आसपास उतरतं, पाषाणला त्याहूनही खाली. माझ्याकडे संध्याकाळ छान जाते, पण रात्री काचेतूनच बरीच ऊब निघून जाते. जाड पडदा ओढला तरी पहाटे आईला शाल लागतेच. शिवाय ताईकडे दुपारी डोळ्यांवर ऊन येत नाही, पडदे विटत नाहीत. दक्षिणेला मोठी खिडकी नको असं घरातल्या मोठ्यांचं मत असेल तर तोही मान राहतो.

मग मी खिडकी का निवडली? ऑक्टोबरमुळे.

ऑक्टोबरच्या मध्यावर आणि फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात सूर्य आकाशात एकाच उंचीवर असतो. म्हणून छज्जा टाकून फक्त ऑक्टोबरचं ऊन अडवायचं म्हटलं तर ते जमत नाही; छज्ज्याला त्या दोन दिवसांतला फरक कळणं शक्य नाही. आकडेच बघा. डिसेंबरच्या उत्तरार्धात पुण्यात भर दुपारी सूर्य क्षितिजापासून ४८ अंशांवर असतो, ऑक्टोबरच्या मध्यावर ६३ अंशांवर. दोन फुटी छज्जा ऑक्टोबरात जेमतेम चार फूट सावली देतो, त्याखालची काच उघडीच राहते. सात फुटांची काच पूर्ण झाकायची तर छज्जा साडेतीन फुटांचा हवा, आणि तेवढा केला की डिसेंबरात निम्म्याहून जास्त काच सावलीत जाते. (एप्रिल-मेची काळजी त्या मानाने कमी. तेव्हा सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो आणि मेच्या मध्यानंतर तर दुपारी उत्तरेकडे कलतो.)

पावसाळा सरला की ताईची भिंत दिवसभर तापते आणि रात्री नऊ-दहाला, नेमकं झोपायच्या वेळी, ती सगळी उष्णता खोलीत सोडते. भिंतीला हात लावला की कळतं, आता हिला थांबवता येणार नाही. काचेच्या वरची झडप बाहेर उघडून दाजींनी बघितली, थोडा उतार पडला. बाहेरून बांबूचा पडदा सोडला तर चांगलाच फरक पडतो, पण तो सकाळी नऊच्या आत सोडायला घरात कुणीतरी हवं. दोघंही नोकरीवर. "गाद्या हॉलमध्येच टाकते रे," ताई दर ऑक्टोबरात म्हणते. भिंत आठ तास उशिरा बोलते, हाच तिचा जानेवारीतला गुण आणि हीच ऑक्टोबरातली पीडा.

माझ्याकडे त्याच दिवसांत दुपारी पडदा ओढला, तिन्हीसांजेला खिडकी उघडली की झालं. ऑक्टोबरातही रात्री पुण्याचा पारा उतरतो आणि तो गारवा फरशी पिऊन घेते. ताईच्या खोलीत दक्षिणेला उघडायला खिडकीच नाही.

ही भिंत मुळात खऱ्या थंडीच्या मुलुखातली. फ्रेंच अभियंता फेलिक्स ट्राँब आणि वास्तुकार जाक मिशेल यांनी १९६७ मध्ये पिरेनीज पर्वतातल्या ओदेयोला तिचं घर उभं केलं. लडाखमध्येही ती उत्तम चालते. तिथे हिवाळ्यात सूर्य खूप खाली असतो, ऊन उभ्या काचेवर जवळजवळ समोरून पडतं आणि ऑक्टोबरात ऊब हवीच असते. आपल्याकडे तिची गरज वर्षातून दोनेक महिने.

खिडकीच्याही अटी आहेत. फरशी उघडी ठेवावी लागते. मी काळा कडप्पा घातला, त्यावर सतरंजी टाकली की सगळं फुकट. जाडी फार नको, तीन-चार इंच पुरते. फरशीचा विस्तार मात्र मोठा हवा. उन्हाच्या पट्ट्यात पुस्तकांचं कपाट ठेवू नका.

घरात कुणाला पहाटेची थंडी खरंच बाधत असेल, दम्याचा त्रास असेल, तर मात्र त्या एका खोलीपुरती ट्राँब भिंत जरूर करा. पक्की वीट किंवा काळा दगड वापरा. सिपोरेक्सचे ब्लॉक ऊब साठवत नाहीत. झडपा आतून-बाहेरून दोन्हीकडे ठेवा, रात्री आतल्या बंद करा, नाहीतर खोलीतली ऊबदार हवा उलटी फिरून काचेपाशी गार होते. आणि पडद्याचा रूळ काचेच्या बाहेर, पहिल्या दिवसापासून बसवून घ्या.