ब्रिटिश 'ऑफिस' की 'पीप शो': कानकोंडं व्हायचंच असेल तर सुरुवात कुठून?

अमेरिकन विनोदी मालिका 'द ऑफिस' संपली की बऱ्याच जणांना मूळ ब्रिटिश माल बघायची हुक्की येते, आणि थोडी चौकशी केली की दोन नावं उरतात. एक अर्थातच मूळ 'द ऑफिस', बीबीसी टूवर २००१ मध्ये सुरू झालेलं. दुसरं 'पीप शो', चॅनल फोरवर २००३ ते २०१५ चाललेलं. दोन्ही मी पूर्ण बघितलीत, काही भाग तर परत परत. ओळख एका ओळीत: डेव्हिड ब्रेंट हा 'ऑफिस'मधला साहेब, आणि मार्क-जेरेमी हे 'पीप शो'मधले एका फ्लॅटात राहणारे दोन मित्र.

वेळेचा हिशोब पटकन उरकू. 'ऑफिस' म्हणजे सहा-सहा भागांचे दोन सीझन आणि २००३ च्या नाताळात दोन भागांचा समारोप. एका शनिवार-रविवारात होतं. 'पीप शो'चे नऊ सीझन, एकूण ५४ भाग. ऐकायला जास्त वाटतात, पण अमेरिकन 'ऑफिस'चे दोनशेवर भाग पचवलेल्या माणसाला त्याचं काही वाटू नये. तरी आटोपशीरपणाचे गुण 'ऑफिस'लाच. ती लिहिणारे रिकी जर्व्हेस (ब्रेंटही तोच) आणि स्टीफन मर्चंट यांना पुढे ताणायची सोय होती, मागणीही असणार. त्यांनी दुकान बंद केलं. हॉटेलावरची जुनी ब्रिटिश विनोदी मालिका 'फॉल्टी टॉवर्स'सुद्धा १९७५ आणि १९७९ मिळून बारा भागांतच संपली होती.

'फॉल्टी टॉवर्स'चा विषय निघालाच आहे तर हशाबद्दल बोलायला हवं, कारण माझा निकाल पुढे त्याच्यावरच लागला. त्यातला हॉटेलमालक बेसिल फॉल्टी बंद पडलेल्या गाडीला झाडाच्या फांदीनं बडवतो तेव्हा स्टुडिओतले प्रेक्षक खदखदून हसत असतात. त्या हशामुळे आपण गर्दीत असतो, सुरक्षित असतो. १९९७ मधल्या 'आय अ‍ॅम अ‍ॅलन पार्ट्रिज'मध्ये फजिती कितीतरी जास्त बोचरी आहे. टीव्हीवरून हकालपट्टी झालेला, हॉटेलात राहणारा आणि नॉरिचच्या रेडिओवर भल्या पहाटे बडबड करणारा माणूस आहे तो. पण तिथेही मागे हशा आहेच. 'ऑफिस'नं तो काढला. हे पहिल्यांदाच झालं असं नाही, १९९८ ची 'द रॉयल फॅमिली'सुद्धा हशाविनाच होती. पण 'ऑफिस'मध्ये त्या शांततेचं हत्यार झालं. ब्रेंट विनोद करतो, कुणी हसत नाही, पंख्याची नि प्रिंटरची घरघर ऐकू येते, आणि आपल्याला वाटतं की कुणीतरी काहीतरी बोला रे.

ती शांतता मला आजही जबरदस्त वाटते. नव्वदच्या दशकात ब्रिटिश टीव्हीवर साध्यासुध्या माणसांच्या मागे कॅमेरा लावून केलेल्या माहितीपट-मालिकांचं पीक आलं होतं. ड्रायव्हिंग शिकणारी बाई, विमानतळावरचा कर्मचारी असे लोक रातोरात घराघरात पोहोचत. ब्रेंट हे सगळं बघून बसलेला माणूस आहे. लंडनजवळच्या स्लाउमधल्या कागद विकणाऱ्या कंपनीच्या शाखेत माहितीपटवाल्यांचा कॅमेरा शिरतो आणि याला वाटतं, आली आपली वेळ. त्याचं प्रत्येक वाक्य कॅमेऱ्यासाठी असतं. कॅमेरा नसता तर तो बहुधा फक्त एक कंटाळवाणा साहेब राहिला असता. आता प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे आणि लिंक्डइनवर निम्मे साहेब रोज सकाळी ब्रेंट होतात. म्हणून तो विनोद जुना झालेला नाही, उलट जास्त लागू पडतो.

(आपली आयटीतली पुष्कळ मंडळी हल्ली त्या स्लाउ-रेडिंगच्या पट्ट्यातच राहतात. त्यांना ती करड्या आभाळाची, गोल चौकाची सुरुवातीची दृश्यं बघून काय वाटत असेल, देव जाणे.)

आणि अप्रेझलचा तो भाग! दुसऱ्या सीझनमध्ये ब्रेंट एकेकाला समोर बसवून मूल्यमापन करतो. हिशेबखात्यातला कीथ समोर येतो. बलस्थानं? अकाउंट्स. उणिवा? इसब. पुढचे सगळे प्रश्न तसेच, आणि कीथच्या चेहऱ्यावरची रेषही हलत नाही. मी स्वतः अशा खोलीत टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसलोय. त्या दृश्याइतकं खरं अप्रेझल मी कुठल्याच पडद्यावर बघितलेलं नाही. २००४ मध्ये या मालिकेला आणि जर्व्हेसला गोल्डन ग्लोब मिळाले ते उगाच नाही. पुढे अमेरिकेनं ती उचलली, २०१९ मध्ये हॉटस्टारनं फरिदाबादेत नेऊन हिंदीत बसवली. ढाचा इतका पक्का आहे की कुठेही उभा राहतो.

मग अडलं कुठे?

टिममुळे अडलं, ब्रेंटच्या हाताखालच्या त्या शहाण्या पोरामुळे. म्हणजे ते काम करणाऱ्या मार्टिन फ्रीमनमुळे नव्हे, तो उत्तमच आहे. टिम कॅमेऱ्याकडे बघतो ना, त्यामुळे. ब्रेंट काही अचाट बोलला की टिम मान किंचित वळवतो आणि थेट आपल्याकडे बघतो. 'बघितलंत ना?' पहिल्यांदा बघताना हे फार गोड वाटतं. दुसऱ्यांदा बघताना मी त्याची वाट बघायला लागलो. तिसऱ्यांदा मात्र त्याचा राग यायला लागला. कारण काढून टाकलेला हशा हाच आहे. आवाज बंद केला आणि टिमच्या डोळ्यांत बसवला, एवढंच. कुठे अवघडायचं, किती वेळ अवघडायचं, आणि मुख्य म्हणजे आपण कुणाच्या बाजूला आहोत, हे सगळं ती नजर सांगून टाकते. आपण नेहमी टिम असतो. शहाणे, सोसणारे, या बावळटांत चुकून अडकलेले. इतक्या वर्षांच्या नोकरीत मला असा एकही माणूस भेटलेला नाही जो स्वतःला टिम समजत नाही. माझा एक जुना साहेबसुद्धा, ज्याला आम्ही सगळे खासगीत ब्रेंट म्हणायचो, ही मालिका अगदी मिटक्या मारत बघायचा.

हे एकदा डोक्यात बसलं की दुसरी गोष्ट दिसते. 'ऑफिस'मधली सगळ्यात असह्य, सगळ्यात थोर दृश्यं ती आहेत जिथे टिमची नजर पोहोचत नाही. पहिल्याच भागात ब्रेंट नव्या पोरासमोर गंमत म्हणून रिसेप्शनवरच्या डॉनला चोरीच्या आरोपावरून काढून टाकल्याचं नाटक करतो आणि ती रडायला लागते. खोलीत फक्त तिघं. सुटकेला खिडकीसुद्धा नाही. किंवा दुसऱ्या सीझनच्या शेवटी ब्रेंट आपल्या वरिष्ठांपुढे नोकरीसाठी अक्षरशः विनवण्या करतो, तिथे कुणीही कुणाकडे डोळा मारून बघत नाही. मालिकेला हे जमत होतं. पण बाकी वेळ तिनं आपल्याला सांभाळून घेतलं.

टिमच्या बाजूनं एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदवतो. तो माइक काढून ठेवतो आणि डॉनला घेऊन बंद खोलीत जातो, आपल्याला काचेतून नुसतं दिसतं, ऐकू काही येत नाही. ते दृश्य त्याच्या इतक्या वेळा कॅमेऱ्याकडे बघण्यावरच उभं आहे. ज्याच्याशी इतके दिवस नजरेनं बोलला त्यालाच तो बाहेर ठेवतो. तेवढ्यासाठी त्याला बरंच माफ.

आता 'पीप शो'. इथे कॅमेरा पात्रांच्या डोळ्यांत आहे. मार्क त्याच्या ऑफिसातल्या सोफीकडे बघतो तेव्हा ती झालेली ऑलिव्हिया कोलमन सरळ तुमच्याकडे बघत असते. शिवाय मार्क आणि जेरेमी, दोघांच्याच मनातलं ऐकू येतं. ऐकायला ही निव्वळ युक्ती वाटते आणि पहिल्या सीझनमध्ये ती तशी आहेही. कॅमेरा हिंदकळतो, चुंबनाच्या वेळी ओठ पडद्यावर चाल करून येतात. मला सुरुवातीला जेवणानंतर बघवत नव्हतं. माझी बायको दुसऱ्या भागाला उठून गेली ती अजून परतलेली नाही. 'ऑफिस' मात्र तिनं माझ्यासोबत हसत हसत संपवलं. टिम कॅमेऱ्याकडे बघायचा, मी तिच्याकडे बघायचो, फार आनंदात चाललं होतं. 'पीप शो' बघताना कुणाकडे बघणार? समोरचा तुमच्याच डोळ्यांत डोळे घालून उभा आहे आणि जे काय लाजिरवाणं घडतंय ते तुमच्याच हातून घडतंय.

माझ्यासाठी पारडं फिरलं ते इथे. मार्क कॉरिगन हा लंडनच्या क्रॉयडनमध्ये राहणारा, कर्ज देणाऱ्या कंपनीत काम करणारा, दुसऱ्या महायुद्धाची पुस्तकं वाचणारा भिडस्त मध्यमवर्गीय. भीड भिकेची बहीण म्हणतात ती त्याच्या घरी मुक्कामालाच असते. तिसऱ्या सीझनच्या शेवटी तो सोफीला मागणी घालायची नाही असं ठरवतो, पण तिला अंगठी आधीच सापडलेली असते आणि ती हो म्हणते. आता 'नाही' कसं म्हणायचं? म्हणून लग्न ठरतं. पुढच्या सीझनभर प्रत्येक वळणावर तो मनात ओरडत असतो आणि तोंडानं 'हो, छान' म्हणत असतो. लग्नाच्या दिवशी चर्चच्या माळ्यावर तो आणि जेरेमी लपून बसतात, खाली पाहुणे खोळंबलेत, आणि शेवटी तो खाली येऊन लग्न करतोच. हे बघताना मला एकही ब्रिटिश माणूस आठवला नाही. आमच्याकडचे निदान तीन संसार आठवले. नावं अर्थातच सांगत नाही.

त्याच्या आधीच्या भागात, २००७ मधल्या त्या होडीवरच्या सहलीत, जेरेमीच्या हातून कुत्रा मरतो आणि ते लपवता लपवता तो शेवटी काय खातो, हे मी इथे लिहीत नाही. पण विचार करा: प्रत्येक पायरीवर त्याचं मन आपल्याला ऐकू येतं आणि प्रत्येक पायरी त्या क्षणी अगदी रास्त वाटते. ब्रेंटबद्दल आपण 'हा असं कसं करू शकतो?' म्हणतो. इथे आपण 'बरोबर आहे, दुसरं काय करणार होता?' म्हणत म्हणत भलत्याच ठिकाणी पोहोचतो. लेखक जेसी आर्मस्ट्राँग आणि सॅम बेन यांची ही खासियत. आर्मस्ट्राँगनं पुढे 'सक्सेशन' लिहिली. तिथल्या अब्जाधीशांच्या तोंडी अडकणारी वाक्यं ऐकली की क्रॉयडनचा तो फ्लॅट आठवतो.

'पीप शो'चे दोष आहेत आणि ते लहान नाहीत. मधल्या सीझनमध्ये गाडी गोल गोल फिरते. नवी मुलगी, नवं खोटं, नवी फजिती. शेवटचा सीझन आठव्यानंतर बराच काळ मध्ये जाऊन आला, तेवढ्यात दोघं चाळिशीत पोहोचले होते आणि थोडं उदासच वाटतं. शिव्या, ड्रग्ज आणि बाकी सगळं भरपूर, त्यामुळे हॉलमध्ये आई-बाबा असताना लावायची सोय नाही. मार्कचे इतिहासातले आणि ब्रिटिश दुकानांचे संदर्भ मला अर्धेच कळतात. दुसऱ्या देशात नेऊन बसवायलाही ती अवघड असावी. अमेरिकेनं एकापेक्षा जास्त वेळा प्रयत्न केला, पण पायलटच्या, म्हणजे चाचणीच्या पहिल्या भागाच्या, पुढे काही गेलं नाही.

तेव्हा तुम्हाला जोडीदाराबरोबर बघायचं असेल, किंवा शेवटी मन भरून यावं अशी अपेक्षा असेल, तर 'ऑफिस' घ्या. नाताळचे दोन भाग चुकवू नका. अमेरिकन आवृत्तीतल्या साहेबावर, मायकल स्कॉटवर, तुमचा जीव असेल तर मात्र जरा जपून. तो प्रेमळ बावळट आहे. ब्रेंटकडून तेवढ्या प्रेमाची अपेक्षा ठेवू नका. या मालिकेला थोर म्हणणाऱ्यांशी माझं भांडण नाही, मीही त्यातलाच.

पण एकटेच बघणार असाल आणि हसता हसता स्वतःचीच थोडी लाज वाटलेली चालणार असेल, तर मी 'पीप शो'कडे झुकेन. मी स्वतः आता परत लावतो ते तेच. इंग्रजी सबटायटल लावा, मनातलं आणि तोंडचं फार भराभर एकमेकांत मिसळतं. पहिल्या सीझनच्या कॅमेऱ्यानं फारच गरगरलं तर सरळ दुसऱ्यापासून सुरू करा, गोष्टीचं काही अडत नाही. आणि तो होडीचा भाग जेवताना लावू नका.