घरचं जॉबवर्क की कारखान्याची हजेरी? सोलापुरात शिलाई करणाऱ्या बाईने बाळंतपणाआधी काय बघावं

सोलापुरात युनिफॉर्मची शिलाई दोन रीतींनी चालते. एकीत मुकादम कापलेल्या मालाचे गठ्ठे घरी टाकून जातो आणि नगावर पैसे देतो. दुसरीत अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत किंवा पूर्व भागातल्या शेडमध्ये हजेरी लागते, महिन्याला पगार होतो. एरवी यातलं काय बरं, ते घरचं माणूसबळ आणि पोरंबाळं बघून ठरतं. मूल हवं असेल किंवा दिवस राहिले असतील, तर मात्र आधी बघायचं ते एवढंच, की कामाच्या कागदावर तुमचं नाव कुठल्या तारखेपासून आहे.

आधी पैशाचं बघू. कारखान्यात दहा किंवा जास्त माणसं असतील आणि पगार 21,000 रुपयांच्या आत असेल, तर मालकाने ईएसआय, म्हणजे कामगारांचा सरकारी विमा, भरायचा असतो. पगाराच्या 0.75 टक्के तुमचे कापतात आणि 3.25 टक्के मालक घालतो. 12,000 पगारावर तुमचे महिन्याला 90 रुपये जातात. बदल्यात पहिल्या दोन मुलांपर्यंत 26 आठवडे रजा मिळते आणि त्या काळात सरासरी रोजंदारी पूर्ण मिळते. रोज 400 रुपयांचा असेल तर 182 दिवसांचे 72,800 रुपये होतात. गर्भपात झाला तरी सहा आठवड्यांचा लाभ आहे. 26 आठवड्यांतले जास्तीत जास्त आठ आठवडे बाळंतपणाआधी घेता येतात.

घरच्या जॉबवर्कला यातलं काहीच नाही. मशीन थांबली की पैसा थांबला. तिथे आधार आहे तो प्रधानमंत्री मातृवंदना योजनेचा. पहिल्या मुलासाठी दोन हप्त्यांत 5,000 रुपये मिळतात आणि दुसरं मूल मुलगी असेल तर एकरकमी 6,000. नोकरीत पगारी बाळंतरजा मिळणाऱ्या बाईला ही योजना लागू नाही, त्यामुळे दोन्ही घेऊ असं धरून चालू नका. 72,800 आणि 5,000 यांतला फरक बघता एकाच गोष्टीवर निवड होत असेल, तर ईएसआय असलेली हजेरी घ्यावी, असं आमचं स्पष्ट मत आहे.

पण तारीख आडवी येते, आणि बहुतेक जणी इथेच फसतात. ईएसआयमध्ये पहिल्यांदाच नाव लागलं, तर लाभाचा काळ सुरू व्हायला नऊ महिने जावे लागतात. 10 एप्रिलला कामावर लागलेल्या बाईचा लाभकाळ 10 जानेवारीला उघडतो. तिची बाळंतपणाची तारीख डिसेंबरची असेल, तर वर्गणी भरूनही बाळंतपणाचे पैसे हाती येत नाहीत. शिवाय आधीच्या दोन वर्गणीकाळांत मिळून निदान 70 दिवसांची वर्गणी लागते. हे वर्गणीकाळ एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च असे चालतात. म्हणून मूल हवं असेल तर नोकरी आधी धरावी. चाचणी पॉझिटिव्ह आल्यावर केवळ या पैशासाठी कारखान्यात जाण्यात अर्थ उरत नाही. पूर्वी कधी ईएसआयचा नंबर मिळालेला असेल तर तोच जुना नंबर मालकाला द्या. नवा काढला की वर्गणी दोन ठिकाणी विखुरते आणि 70 दिवस भरत नाहीत.

कामावर लागताना मालकाला ‘ईएसआय आहे का’ एवढंच विचारून थांबू नका. विमा नंबर मागा आणि दर महिन्याला वर्गणी खरंच जमा होते का, ते मोबाइलवर बघा. पगारातून कापलेत पण पुढे भरलेलेच नाहीत, हे बाळंतपणाच्या तोंडावर कळलं तर फार उशीर होतो. ईएसआय लागू नसलेल्या कारखान्यातही मागच्या 12 महिन्यांत 80 दिवस काम भरलं असेल, तर बाळंतरजेचा पगार मालकाने द्यायचा असतो. मात्र हजेरीपत्रकात नाव हवं.

अंगमेहनतीचं बघितलं, तर घर सरस वाटतं, आणि काही बाबतीत ते खरंही आहे. मळमळीचे पहिले तीन महिने आपल्या वेळेने काढता येतात, लघवीला जायला कुणाची परवानगी लागत नाही. पण नगावर पैसे असल्यामुळे बाई उठतच नाही. फेब्रुवारीपासून जूनमध्ये शाळा उघडेपर्यंत माल दाटतो, त्याच काळात सोलापूरचा उन्हाळा चढतो आणि पत्र्याखालची खोली तापते. पाणी कमी पडलं की लघवीची जळजळ आणि पोट घट्ट होणं सुरू होतं. दिवसाला अडीच-तीन लिटर पाणी मशीनशेजारी भरूनच ठेवा. तासन्‌तास पाय लोंबते राहिले की सूज येते, रक्त गोठण्याचा धोकाही वाढतो. दर 45 मिनिटांनी उठून पाच मिनिटं चाला. सातव्या महिन्यापासून पोटामुळे मशीन लांब जाते आणि बाई पुढे वाकून शिवते, कंबर त्यानेच जाते. पाठीला टेकू असलेली खुर्ची घ्या आणि जड गठ्ठे मुकादमालाच आत ठेवायला लावा.

कारखान्यात जेवणाची सुट्टी ठरलेली असते, पण वेळ आपल्या हातात नसते. तारखेला साधारण दहा आठवडे उरले की जड किंवा सतत उभं राहण्याचं काम नाकारता येतं. तसं लेखी मागा आणि इस्त्रीवरून धागे कापणं, बटण लावणं किंवा घडी घालणं अशा बैठ्या कामावर बदलून घ्या.

विडीचंही सांगायला हवं, कारण सोलापुरात अनेक घरांत तीच निवड समोर असते. 1966 च्या विडी कामगार कायद्याने घरी विड्या वळणाऱ्या बाईलाही प्रसूती लाभ दिला. घरबसल्या कामात असा हक्क दुर्मीळ, म्हणून लॉगबुकावर, म्हणजे विड्यांच्या कामाची नोंद होते त्या वहीवर, स्वतःचं नाव असणं मोलाचं. पण तंबाखूची धूळ श्वासातून आणि निकोटीन हातांच्या कातडीतून अंगात जातं, बाळाचं वजन कमी भरण्याचा धोका असतो. केवळ कागदासाठी गरोदरपणात विडीकडे वळू नये.

घरचं जॉबवर्क करताना दिवस राहिलेच असतील, तर पुढचं पटापट करा. बारा आठवड्यांच्या आत जवळच्या नागरी आरोग्य केंद्रात नाव नोंदवून माता-बाल संरक्षण कार्ड घ्या. असंघटित कामगारांचं सरकारी ई-श्रम कार्ड काढा, मातृवंदना योजनेच्या पात्रतेत ते चालतं. खातं तुमच्याच नावाचं आणि आधारला जोडलेलं लागतं. पहिल्या 3,000 साठी पाळी चुकल्यापासून नव्हे, तर शेवटच्या पाळीच्या तारखेपासून सहा महिन्यांत एक तपासणी झालेली हवी. उरलेले 2,000 बाळाची जन्मनोंद आणि लसींची पहिली फेरी झाल्यावर मिळतात.

दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी केंद्रांत गरोदर बायांची मोफत तपासणी असते. त्या दिवसाचा माल आदल्या रात्री संपवायचा नाही, मुकादमाला आधीच सांगून ठेवायचं. लोहाची आणि कॅल्शियमची गोळी एकत्र घेऊ नका आणि लोहाच्या गोळीवर लगेच चहा पिऊ नका, दोन्हींमुळे लोह अंगी लागत नाही.

बाळंतपण सिव्हिलसारख्या सरकारी दवाखान्यात केलं तर सिझेरियन, औषधं, रक्त आणि जेवण मोफत असतं. आणायला-न्यायला 102 ची गाडी मिळते. खाजगीत जायचं असेल तर आधीपासून बचत हवी. दिवस राहिल्यावर काढलेली साधी आरोग्य विमा पॉलिसी त्या बाळंतपणाला लागू पडत नाही, कारण प्रसूतीसाठी प्रतीक्षाकाळ असतो. मागच्या सहा महिन्यांची मिळकत एका कागदावर मांडून महिन्याची सरासरी काढा आणि निदान चार महिन्यांची सोय सातव्या महिन्याआधी करून ठेवा. मुकादमाकडून उचल घेऊन ही सोय करू नका. ती फेडण्यासाठी बाळंतिणीला कच्च्या अंगाने मशीनवर बसावं लागतं.

डोकं ठणकणं, डोळ्यांपुढे अंधारी, तोंडावर सूज, रक्त जाणं किंवा बाळाची हालचाल मंदावणं, यातलं काहीही दिसलं तर गठ्ठा अर्धा टाकून 108 ला फोन करा.