भावाचं थकलेलं बिल आणि मला केबल नाही : एक स्टार, तोही वायरमनला

नाव लिहीत नाही, आमच्या नाशकात सिडकोत राहणाऱ्यांना कळेलच कुठलं केबलचं ऑफिस ते, नाही कळलं तरी चालेल कारण हे सगळीकडे असंच असणार असं मला आता वाटायला लागलंय.

तर आमचं घर सिडकोचं जुनं, खाली आम्ही आणि आई, वर दादा राहायचा. राहायचा म्हणजे तीन वर्षांपूर्वी पुण्याला गेला, वर कुलूप. त्याच्याही आधीपासून आमच्या चुली वेगळ्या होत्या, रेशनकार्ड वेगळं, लाईटचं मीटर वेगळं, गॅसचं कार्ड वेगळं, सगळं रीतसर. वेगळं नव्हतं ते फक्त आडनाव आणि घर नंबर, आणि तिथेच घोळ झाला.

आमचा जुना डिश बंद पडला तेव्हा मी म्हटलं केबलच घेऊ, आईला डीटीएचचं ते रिचार्ज संपलं की निळा स्क्रीन येतो त्याचा फार राग येतो (तिला वाटतं मीच मुद्दाम बंद केलं). गेलो ऑफिसात, आधार दिलं, फॉर्म भरला, काउंटरवरची मुलगी चांगली बोलत होती, आणि पत्ता टाईप करताना एकदम थांबली. म्हणे, "सर, सिस्टिम घेत नाहीये."

स्क्रीन माझ्याकडे फिरवला तर लाल अक्षरात दादाचं नाव आणि पुढे 4,340 रुपये. चौदा महिन्यांचे, महिन्याला 310 प्रमाणे. मी म्हटलं ताई हा माझा भाऊ आहे, मी नाही. तर म्हणे पत्ता तोच आहे ना सर, आधी ते क्लिअर करा मग तुमचं लगेच करून देते. मागे आमच्याच गल्लीतल्या काकू उभ्या होत्या, त्यांचं काम झालं होतं तरी त्या हलेनात. संध्याकाळपर्यंत आईला तीन ठिकाणहून कळलं होतं की थोरल्याने केबलचे पैसे बुडवले.

खरं सांगतो 4,340 मी भरू शकत होतो. आई पण तेच म्हणाली, भरून टाक, भावाचेच आहेत ना, परक्याचे आहेत का. पण मी का भरू? आणि गंमत अशी की दादाला फोन केला तर तो म्हणे मी पुण्याला जायच्या आधीच फोन करून बंद करा म्हणून सांगितलं होतं, टीव्ही तर मी टेम्पोत घालून घेऊन गेलो. म्हणजे घराला कुलूप, टीव्ही पुण्यात, आणि बिल इकडे चौदा महिने चालू! कोणी बघत नसताना. डीटीएचला पैसे संपले की आपोआप बंद होतं, इथे आधी वापरा मग द्या, त्यामुळे दादाचा केबलचा बॉक्स यांनी चौदा महिने बंदच केला नाही आणि मीटर पळत राहिला. दादाकडे लेखी काही नाही, तीच त्याची चूक, फोनवर सांगितलेलं कोण लक्षात ठेवतंय.

पूर्वी अण्णा यायचे वसुलीला, लाल डायरी काखेत, पहिल्या आठवड्यात दारात हजर. त्यांना ठाऊक असायचं कोण गावाला गेलंय, कोणाकडे लग्न आहे, कोणाचं पुढच्या महिन्यात घ्यायचं. 2013 ला डिजिटल झालं, प्रत्येक घरात बॉक्स आला, मग 2019 च्या फेब्रुवारीत ट्रायची (टीव्ही-केबलचे नियम ठरवणारी सरकारी संस्था) नवी पद्धत आली, चॅनेल बघा न बघा तेव्हा 130 रुपये अधिक 18 टक्के जीएसटी म्हणजे 153 रुपये 40 पैसे आधी ठेवा आणि पुढे चॅनेल निवडा, आणि या सगळ्यात कधीतरी अण्णा गेले आणि सिस्टिम आली. सिस्टिमला वरचा मजला आणि खालचा मजला कळत नाही.

मॅनेजरला भेटलो तर त्याने लाईटचं उदाहरण दिलं. म्हणे लाईटचं बिल थकलं असेल तर नवीन माणसाला कनेक्शन देतात का? नाही देत, बरोबर आहे, पण साहेब विजेचा तसा लेखी नियम आहे, जागेवरची थकबाकी जागेला चिकटते, 2023 ला सुप्रीम कोर्टानेही ते मान्य केलंय. तुमचा तसा नियम असेल तर कागद दाखवा, मी आत्ता भरतो. कागद नव्हता. मग म्हणे भावाकडून एनओसी आणा, म्हणजे हरकत नाही असं पत्र. टीव्ही बघायला भावाची एनओसी! जमीन विकतोय का मी.

शेवटी सेटलमेंटवर आला, तीन हजार द्या, बाकी सोडतो. म्हणजे रक्कम कमी होत होती, पण कर्ज माझ्याच नावावर चढत होतं.

आता यात सगळ्यात भारी काय झालं ते सांगतो. वर माळ्यावर दादाचा तो बॉक्स सापडला, रिमोटसकट, रिमोटला प्लॅस्टिकची पिशवी आणि रबर तसंच. मी आनंदाने घेऊन गेलो की बाबा हा घ्या तुमचा बॉक्स, खातं बंद करा. तर ती मुलगी म्हणे, "सर, बॉक्स ज्याच्या नावावर आहे त्यालाच परत करता येतो." पैसे मात्र कोणीही भरले तरी चालतात!!

1915 वर ग्राहक हेल्पलाईनला तक्रार टाकली (ट्रायकडे एकेकट्या ग्राहकाची तक्रार घेत नाहीत, आधी कंपनीकडेच जा म्हणतात, उगाच तिकडे वेळ घालवू नका). कंपनीचं उत्तर आलं की सदर व्यक्ती आमची ग्राहक नाही. बरोबर आहे, ग्राहक करून घेत नाही हीच तर तक्रार आहे.

एक स्टार दिलाय तो त्यांच्या वायरमनला. पोरगा बिचारा दोनदा घरी आला, खांबावरून वायर कुठून येईल बघून ठेवलं, आणि जाताना हळूच म्हणाला, काका, दूरदर्शनची फ्री डिश लावा ना, कशाला यांच्या नादी लागता.

लावली. शालिमारच्या बाजारातून ताट, बॉक्स, वायर सगळं मिळून 1,700 मध्ये, दर महिन्याला शून्य. दुकानदाराने ना नाव विचारलं ना पत्ता, थकबाकीचा प्रश्नच नाही. ताट आग्नेयेला लावावं लागतं आणि आमच्या आग्नेयेला शेजाऱ्यांचा शेवगा, त्यामुळे एक फांदी तोडायची परवानगी घ्यावी लागली, ती मात्र दोन मिनिटात मिळाली, वर शेंगा पण मिळाल्या. जोराचा पाऊस आला की चित्राचे चौकोन चौकोन होतात. सह्याद्री छान दिसतं, बातम्या दिसतात, आईची रात्री आठची मालिका काही त्यात नाही, ती दुसऱ्या दिवशी नातीच्या मोबाईलवर बघते आणि नात क्लासला गेली की माझा फोन मागते. पैसे भरले असते तर हे झालं नसतं असं दिवसातून एकदा ऐकवते, तेवढं चालायचंच.

दादा दिवाळीला आला होता, बॉक्स घेऊन ऑफिसात जाऊन येतो म्हणाला, पण पाडव्याला ऑफिस बंद आणि भाऊबीज करून तो गेला. बॉक्स सध्या टीव्हीखाली आहे, त्यावर आईचा चष्मा आणि गोळ्यांची डबी बरोबर मावते.