मिरजेतलं सीटी स्कॅन सेंटर: लहान मुलाला नेणार असाल तर

लहान मुलाच्या छातीचं सीटी करायचं असेल, तर मिरजेतलं हे सेंटर मी डोळे झाकून सांगेन. इथल्या माणसांना मुलांच्या कामाची जाण आहे.

माझा मुलगा सहा वर्षांचा. खोकला हटत नव्हता, संध्याकाळ झाली की अंग तापायचं, आणि वजन जागचं हलेना. मी अंगणवाडी सेविका, वजनकाटा रोज हाताळते, त्यामुळे त्या न हलणाऱ्या आकड्याची धास्ती मला जास्त. आमच्या डॉक्टरांनी आधी एक्स-रे काढला. उजवीकडे श्वासनळीजवळ सावली जाड दिसत होती, पण ती सुजलेल्या लसिकाग्रंथींच्या गाठींचीच आहे का, हे पक्कं होईना. म्हणून सीटी, तेही चित्र उठून दिसावं म्हणून शिरेत औषधाचं (कॉन्ट्रास्ट) इंजेक्शन देऊन.

इथं रेडिऑलॉजिस्ट मॅडमनी तो एक्स-रे आधी स्वतः पाहिला. क्रिएटिनिनचा (किडनीच्या तपासणीचा) रिपोर्ट, दमा, ॲलर्जी, उपाशीपोटी आणलंय का, सगळं विचारलं. चिठ्ठीवर वजन लिहिलेलं असूनही टेक्निशियनदादांनी पोराला पुन्हा काट्यावर उभं केलं. "किरणं आणि औषध, दोन्ही वजनाप्रमाणं बसवावी लागतात, ताई." सीटीत एक्स-रेपेक्षा कित्येक पट किरणं लागतात, म्हणून आधी साधा आणि मग इंजेक्शनचा असे दोन स्कॅन न करता एकदाच केला.

मशीनमधून येणारी हिंदी सूचना त्यांनी बंद केली आणि पोराला बाहेरच शिकवलं, "फुगा फुगवायच्या आधी घेतोस तसा श्वास घे, आणि धरून ठेव." औषध आत जाताना अंग गरम होईल, शू झाल्यासारखं वाटेल, पण होणार नाही, हेही आधीच सांगितलं. त्यामुळे तो दचकला नाही. मी शिशाचा एप्रन घालून शेजारी उभी होते (पोटात बाळ नाही ना, हे मला दोनदा विचारलं). प्रत्यक्ष स्कॅन काही सेकंदांत उरकला, झोपेचं औषध लागलंच नाही.

मॅडमनी मला पडद्याजवळ बोलावलं. श्वासनळीच्या उजव्या अंगाला आणि ती जिथं दुभंगते त्याच्या खाली गाठींचा पुंजका. औषधामुळे प्रत्येक गाठीची कड उजळलेली, मधला भाग काळपट. तो भाग आतून सडलेला असतो आणि मुलांच्या टीबीत असं चित्र बऱ्याचदा दिसतं, असं त्या म्हणाल्या. एका गाठीनं नळी दाबल्यामुळे फुप्फुसाचा एक तुकडा मिटला होता. सावली कशाची, ते मला तेव्हा कळलं. तरी "नुसत्या सीटीवर टीबीचा शिक्का मारायचा नाही" हेही त्यांनीच बजावलं. मुलं बेडका थुंकत नाहीत, गिळतात. म्हणून सकाळी उपाशीपोटी नळीनं पोटातलं पाणी काढून सीबीनॅट (टीबीचे जंतू शोधणारी तपासणी) करा म्हणाल्या. ती तपासणी सरकारी दवाखान्यात मोफत झाली, टीबी निघाला. आता पाण्यात विरघळणाऱ्या गोळ्या चालू आहेत, त्याही सरकारी. काटा हलायला लागलाय.

तक्रार एकच, पण मोठी. बसायची खोली कोंदट, आणि खोकणारी मोठी माणसं मुलांच्या मांडीला मांडी लावून. अशा ठिकाणी खिडक्या उघड्या हव्यात आणि दारातच मास्क द्यायला हवा. मुलांसाठी वेगळी वेळ ठेवली तर फारच बरं.

दर बोर्डावर लावलेले आहेत, इंजेक्शनचे वेगळे. फिल्म आणि रिपोर्ट संध्याकाळी मिळाले. सीडी मात्र मागून घ्या, आपणहून देत नाहीत, आणि पुढच्या डॉक्टरांना तीच लागते.