झिरो पाहिला, तरीही पाचशेला चुना

हिंगणघाटला लग्नाला निघालो होतो. वर्धा रोडवरच्या एका पंपावर गाडी लावली. पंपाचं नाव घेत नाही, कारण ही चलाखी कुठल्याही पंपावर होऊ शकते. पद्धत तेवढी लक्षात ठेवा.

"कितीचं?" "पंधराशेचं." "झिरो पाहून घ्या साहेब." पाहिला, झिरोच होता. पाचशेवर मीटर थांबलं.

"पाचशेच म्हटले ना साहेब?"

"नाही रे बाबा, पंधराशे म्हटलं."

"सॉरी साहेब, अजून हजाराचं टाकतो."

नोझल टाकीतच होतं. तेवढ्यात दुसरा पोरगा माझ्या खिडकीशी आला. "स्कॅन करता की कार्ड?" स्कॅनरचा बोर्ड अगदी तोंडासमोर धरला. तिसरा न सांगता काचेवर फडकं मारायला लागला. (एरवी हवा भरायला माणूस शोधावा लागतो!) मागून आवाज आला, "हे बघा साहेब, हजार झाले." वळून पाहिलं तर मीटरवर बरोबर १०००. आधीचे पाचशे, हे हजार, झाले पंधराशे. हिशेब कसा पटकन जुळतो बघा. पैसे पाठवून मोकळा झालो.

बायकोला मात्र प्रत्येक खर्चाची पावती लागते. पोरगा म्हणे, पेपर संपला. ती म्हणाली, "मग दुसरा लावा, आम्ही थांबतो." पावती निघाली. त्यावर रक्कम होती १००० रुपये आणि पेट्रोल साडेनऊ लिटरच्या आसपास.

झालं असं की मीटर मधे झिरोवर आलंच नव्हतं. नोझल मशीनला अडकवून पुन्हा उचललं तरच नवा आकडा सुरू होतो. इथे ते टाकीतच राहिलं आणि मीटर पाचशेपासून पुढे हजारापर्यंत चाललं. म्हणजे दुसऱ्या खेपेला पेट्रोल पडलं पाचशेचंच, घेतले हजाराचे.

मॅनेजर आला. "नवीन पोरगा आहे साहेब, गडबड झाली." नवीन पोराचा हात इतका साफ! उरलेलं पाचशेचं टाकून दिलं, या वेळी झिरो करून.

शंभरच्या ऐवजी एकशे दहाचं मागा, म्हणजे फसत नाही, असा सल्ला आपल्याकडे फार चालतो. इथे त्याचा काडीचा उपयोग नाही. पाच लिटरच्या मापाचाही नाही. ते माप कामाचं आहे, प्रत्येक पंपावर वैधमापन विभागाचा शिक्का असलेलं ठेवावं लागतं, आणि ग्राहकाने मागितलं तर मोजून दाखवावं लागतं. पाच लिटरमागे २५ मिलीपर्यंतचा फरक चालतो. पण त्यातून कळतं ते मशीन बरोबर आहे की नाही एवढंच. २०१७ मध्ये उत्तर प्रदेशात आणि मग ठाणे पोलिसांच्या छाप्यांत मशीनमध्ये बसवलेल्या चिपा सापडल्या होत्या, तसल्या चोरीसाठी माप ठीक. आमच्या इथे मशीन एकदम इमानदार होतं.

म्हणून मधेच पेट्रोल थांबलं की सरळ गाडीतून उतरा. नोझल मशीनला अडकवायला लावा, झिरो पुन्हा पाहा आणि मगच उरलेलं टाकू द्या. पाचशेच्या आणि हजाराच्या दोन वेगळ्या पावत्या मागा. पेमेंटवाल्याला सांगा, "थांब भाऊ, आधी हे होऊ दे." बाजूला कोणी बसलं असेल तर त्याला मीटरवरच नजर ठेवायला सांगा.

तक्रारवही मागितली तर मॅनेजर म्हणे, मालकाच्या केबिनमध्ये आहे आणि कुलूप लावून आहे. मग पावती आणि पेमेंटचा स्क्रीनशॉट जोडून तेल कंपनीकडे तक्रार टाकली. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबरही आहे. तक्रार करताना तारीख, वेळ आणि नोझलचा नंबर लिहा, म्हणजे "आमच्याकडे असं झालंच नाही" म्हणायला त्यांना जागा उरत नाही.